पेटीचं उत्तर पेटीतून

वेक्सलर्स बंद पडून तीस वर्षं होत आली होती, आणि जसजशी वर्षं उलटली तसतसं ते दुकान वाढतच गेलं होतं. होतं तेव्हा सहा मजल्यांचं होतं. आता कोलबर्गमध्ये कुणालाही विचारा, आठ सांगेल. पाचव्या मजल्यावरच्या चहाघरातला खजुराचा पाव म्हणजे अमृत, लिफ्टवाला प्रत्येक पोराला नावानिशी ओळखणारा, काउंटरवरच्या बायका झाडून सगळ्या गोड बोलणाऱ्या. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! हमरस्त्याला मॉल निघाला तेव्हा हीच माणसं मोटारी काढून तिकडे पळाली होती, आणि पुढे तो मॉल ओस पडला तेव्हा त्याच्याही आठवणी काढायला लागली होती.

आयरीन कोवाल्चिक या भानगडीत पडत नसे. वेक्सलर्स म्हटलं की तिला पहिल्यांदा आठवायचे ते स्वतःचे सुजलेले पाय. सत्तावीस वर्षं ती चौथ्या मजल्यावर, भेटवस्तू बांधून द्यायच्या काउंटरवर उभी होती. मागे स्टूल होतं, पण गिऱ्हाईक दिसत असताना त्यावर बसायचं नाही असा नियम होता, आणि डिसेंबरात गिऱ्हाईक कायमच दिसत असे. जांभळी पेटी, पांढरा पातळ कागद, हिरवी साटीनची फीत, आठ पाकळ्यांची गाठ. दीड मिनिटात एक. आता ती शहात्तर वर्षांची होती. तिची बोटं झोपेतसुद्धा ती गाठ मारतात, असं तिचा नवरा जिवंत होता तेव्हा म्हणायचा.

पण हल्ली आयरीन तशी कशाच्याच भानगडीत पडत नव्हती. सप्टेंबरात तिची धाकटी बहीण ओल्गा गेली. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, भांडी विसळताना. चर्चमध्ये सगळे रडले, पोस्टातला माणूससुद्धा रडला, आणि आयरीन पहिल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली. बसची वाट बघत बसावं तशी. तिला काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच वाटत नाही याची तिला तेवढी लाज वाटत होती. मग काही आठवड्यांनी लाजही गेली. सूप करायचं, तेच तीन दिवस खायचं, अंगणातला बर्फ ओढायचा, टीव्ही लावायचा. ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी सकाळी तर उकळती कॉफी तिनं तशीच तोंडाला लावली. जीभ भाजली हे तिला पेल्यावर उठणारी वाफ बघून कळलं.

लोक म्हणत, आयरीन पहिल्यापासून दगडच. ते काही खरं नव्हतं. ती एका उत्तराची वाट बघत होती, आणि ते उत्तर देणारं माणूस मेलं होतं.

त्याचं असं झालं होतं. दुकानाच्या शेवटच्या दिवशी, पंच्याण्णवच्या जानेवारीत, आयरीननं एक कोरी पेटी आणि फितीचं उरलेलं रीळ घरी आणलं. गावातल्या प्रत्येक घरात वेक्सलर्सच्या पेट्या असायच्याच. भेट मिळाली की वस्तू वापरायची, पेटी मात्र माळ्यावर ठेवायची, आणि पुढच्या ख्रिसमसला त्यातच घालून दुसरं काहीतरी कुणालातरी द्यायचं. म्हणून वेक्सलर्सच्या पेटीत काय निघेल याचा नेम नसे. दुकान मेलं तरी पेट्या फिरत राहिल्या. त्या वर्षी आयरीननं तिच्या कोऱ्या पेटीतून ओल्गाला एक जाकीट दिलं. ओल्गाचा फोन आला.

"आयरीन, जाकीट मिळालं."

"आवडलं?"

ओल्गा खो खो हसत सुटली. "अगं, मोहरीसारखा रंग आहे त्याचा! मी कावीळ झाल्यासारखी दिसते त्यात. आता हे मी तुला फोनवर कसं सांगू?"

"मग फोनवर सांगूच नकोस," आयरीन फणकारली होती. "पुढच्या ख्रिसमसला पेटी परत पाठवशील तेव्हा त्यात लिहून घाल. वर्षभरात तुझी जीभ जरा ताळ्यावर येईल."

तोच नियम झाला. विषम साली आयरीननं पेटी द्यायची, सम साली ओल्गानं. फीत दर वर्षी इस्त्री करून तीच वापरायची. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं साल आणि नाव टाकायचं. आणि भेटीबद्दल फोनवर एक चकार शब्द नाही. पेटीचं उत्तर पेटीतूनच. दोघी रोज सकाळी तासभर फोनवर बोलत, अख्ख्या गावाची धुणी धूत, पण पेटीबद्दल चुकूनही नाही. एका साली आयरीननं दिलेला पापोश ओल्गाच्या पायाला बसलाच नाही, तर तिनं वर्षभर कळ काढली आणि पुढच्या ख्रिसमसला चिठ्ठी पाठवली: 'पाय माझेच आहेत, हत्तीचे नव्हेत.'

मग गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्यांची आई गेली. सत्त्याण्णव वर्षांची, वृद्धाश्रमात. शेवटच्या तीन आठवड्यांत तिनं कुणालाच ओळखलं नाही, आणि त्या तीन आठवड्यांत ओल्गा एकदाही फिरकली नाही. आयरीन रोज जात होती. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. ओल्गा हातात ताटली घेऊन हलुश्की वाढून घेत होती, लोण्यात परतलेल्या कोबीचा आणि शेवयांचा सगळ्या तळघरात वास सुटला होता, आणि आयरीननं साठ माणसांच्या देखत म्हटलं:

"आईला बघायला तुला वेळ नव्हता, हलुश्की गिळायला बरी आलीस."

ओल्गानं ताटली खाली ठेवली. कोट घेतला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ते वर्ष विषम होतं, पाळी आयरीनची होती. तिनं पेटीत लोकरीची शाल घातली आणि एका कार्डावर लिहिलं: 'तळघरात बोलले ते चुकलं. ख्रिसमसनंतरच्या रविवारी ये.' आठ पाकळ्यांची गाठ मारली आणि पेटी भाचीबरोबर, ओल्गाच्या मुलीबरोबर, पाठवून दिली. तो रविवार आला आणि गेला. ओल्गा आली नाही. फोनही नाही. नियम असला म्हणून काय झालं, अशा वेळी माणूस नियम मोडतो की नाही? आयरीन वाट बघत राहिली. कधी वाटायचं, हिनं पेटी उघडलीच नसेल, रागानं तशीच कुठेतरी फेकली असेल. कधी वाटायचं, उघडली असेल आणि वाचून चुलीत घातलं असेल. आपण फोन करावा असंही कितीदा मनात आलं, पण दोघींची नाकं एकाच आईनं दिलेली. मग सप्टेंबर आला, आणि विचारायला कुणी उरलं नाही.

ख्रिसमसला नऊ दिवस राहिले असताना भाचीचा, डेनीसचा, फोन आला.

"टेटा, शनिवारी ग्रंथालयात यायचंय तुम्ही. मी न्यायला येते." मावशीला टेटा म्हणण्याची त्यांच्या घरातली रीत, बाकी स्लोव्हाक भाषा केव्हाच विसरून झाली होती. "वेक्सलर्सचं प्रदर्शन लागलंय. मिसेस बेकविथना तुमच्या हातची गाठ बघायचीय."

"कशाला? गाठ काय बघायची?"

"अहो, लोकांना आवडतं. नाही म्हणू नका. त्या निमित्तानं घराबाहेर तरी पडाल."

आयरीन नाही म्हणणार होती. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं. तीन महिने हा प्रश्न तिनं गिळून ठेवला होता. "डेनीस, तुझ्या आईच्या घरात एक जांभळी पेटी होती. आमची."

"एक? चाळीस होत्या! आईची सवय तुम्हाला माहितीय ना. झाडाखाली शोभेला मांडायला रिकाम्या पेट्या बांधून ठेवायची. घर विकायला काढलं तेव्हा सगळ्या काढल्या. बहुतेक फाटल्या होत्या. चांगल्या होत्या त्या ग्रंथालयाला दिल्या, प्रदर्शनासाठी."

"उघडून बघितल्यास?"

"एक-दोन बघितल्या, रिकाम्याच होत्या. का हो टेटा?"

"काही नाही," आयरीन म्हणाली. "किती वाजता येतेस?"

ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या दालनात उभं राहायला जागा नव्हती. भिंतीवर दुकानाचे मोठे केलेले फोटो, मधोमध दोन काचेची कपाटं, एका टेबलावर कॉफी आणि चहाघराच्या पाककृतीनं केलेला खजुराचा पाव. एका नव्या पाहुण्यानं तो खाऊन 'जरा कोरडाच आहे' असं म्हटलं, तर चार बायकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं दुसरा तुकडा उचलला. दाराजवळ चाकाच्या खुर्चीत फ्लॉइड बसला होता. हाच तो लिफ्टवाला, आता अठ्ठ्याऐंशीचा. कुणी आत आलं की घोगऱ्या आवाजात ओरडायचा, "चौथा मजला! पडदे, चादरी, भेटवस्तू, आणि खडूस आयरीन!"

"अजून मेला नाहीस?" आयरीन म्हणाली.

"लिफ्ट वरच अडकलीय. खाली आली की जातो." त्यानं तिचा हात धरला. "ओल्गाचं कळलं. वाईट झालं."

"हो," आयरीन म्हणाली. सगळ्यांना ती एवढंच म्हणत होती.

मिसेस बेकविथ पुढे आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. आता गावाचा सगळा इतिहास त्यांच्या ताब्यात होता आणि त्याला हात लावायचा तर त्यांना विचारून. "या, या आयरीन! तुमच्यासाठी टेबल मांडलंय. पण आधी हे बघा, आमचं रत्न."

काचेच्या कपाटात वरच्या फळीवर एक जांभळी पेटी होती, हिरव्या फितीची गाठ मारलेली. खाली पाटी: 'वेक्सलर्सच्या काउंटरवर बांधलेली भेट. मूळ स्थितीत, न उघडलेली. अंदाजे १९७०.'

आयरीननं ती लगेच ओळखली. पेटीच्या एका कोपऱ्यावर कॉफीचा डाग होता, दोन हजार अकरा साली तिनंच पाडलेला. चष्मा मोटारीत राहिला होता, पण डाग दिसायला चष्मा लागत नव्हता. पेटी बांधलेली होती. न उघडलेली. गेल्या वर्षी तिनं ती अशीच बांधून पाठवली होती.

म्हणजे ओल्गानं उघडलीच नव्हती.

तिला वाटलं, आता काहीतरी होईल. छातीत कळ येईल, पाय जातील. काहीच झालं नाही. कुणीतरी बाजूच्या खोलीत बसून ही बातमी ऐकत असावं तसं तिनं ऐकलं, बास.

"ही माझी आहे," ती म्हणाली.

"हो ना! तुम्हीच बांधली असणार," मिसेस बेकविथ खुशीत म्हणाल्या.

"तसं नाही. ही पेटी मी बहिणीला दिली होती. मला ती हवीय."

मिसेस बेकविथचा चेहरा शाळेच्या वेळेसारखा झाला. "आयरीन, देणगीच्या कागदावर सही झालीय. डेनीसनंच केलीय. आणि अशी न उघडलेली पेटी अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही हो. उघडली की संपलंच ना?"

डेनीस कावरीबावरी झाली. "टेटा, मला खरंच माहिती नव्हतं. शोभेची समजून दिली मी. थांबा, मी बोलते यांच्याशी..."

"राहू दे," आयरीन म्हणाली. भांडायलाही माणसाला काहीतरी वाटावं लागतं. आत शाल असणार आणि तिचंच कार्ड असणार. आपलंच पत्र आपण परत घेऊन काय करायचं? ते काचेतच बरं. अंदाजे एकोणीसशे सत्तर.

ती टेबलाशी बसली. समोर नव्या फितीचं रीळ होतं, चिनी, निसरडं. लोक भोवती जमले. तिनं फीत अंगठ्यावर घेतली आणि बोटं आपली आपण चालू लागली. एक पाकळी, अंगठ्यावरून उजवीकडे पीळ; दुसरी पाकळी, उजवीकडे पीळ. लोक बोलत होते. एक बाई सांगत होती की तिच्या लग्नाचे हातमोजे इथलेच होते. दुसरी म्हणाली, त्या दुकानात शिरलं की जो वास यायचा तो पुन्हा कुठे आला नाही. एक उंच माणूस नुसता फोटोतल्या सरकत्या जिन्याकडे बघत उभा होता; मग म्हणाला की पाच वर्षांचा असताना तो तिथे हरवला होता, आणि आईनं शोधून काढल्यावर तिनं त्याला आधी एक चापट मारली आणि मग आइस्क्रीम दिलं. सगळे हसले. आयरीनची आठवी पाकळी झाली. तिनं गाठ आवळली आणि पुढचा डबा ओढला.

तिला वाटलं, ही सगळी माणसं माझ्यापेक्षा बरी. यांना एका दुकानासाठी गहिवरून येतं.

फ्लॉइडनं खुर्ची ढकलत ढकलत तिच्या टेबलापर्यंत आणली होती. तो बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत होता. मग मान लांब करून कपाटाकडे बघितलं. मग पुन्हा बोटांकडे.

"ए आयरीन, हात बिघडला वाटतं तुझा."

"काय झालं माझ्या हाताला?"

"सत्तावीस वर्षं तुझ्या गाठी वर-खाली नेल्यात मी. त्या कपाटातली तू बांधलीस म्हणे. तिच्या पाकळ्या डावीकडे वळतात. आणि ह्या उजवीकडे. तेव्हा चुकत होतीस की आता चुकतेयस?"

आयरीनचे हात थांबले.

वेक्सलर्सच्या गाठीचा पीळ उजवीकडेच. तसंच शिकवलं जायचं, दुसरीकडे वळली तर मुख्य बाई उसवायला लावायच्या. आयरीनच्या हातून डावी गाठ पडणं शक्य नव्हतं. तशी गाठ मारणारी जगात एकच होती. ओल्गा डावखुरी. शहाण्णव साली, पहिल्यांदा तिची पाळी आली तेव्हा, ती स्वयंपाकघरात टेबलाच्या पलीकडे बसून आयरीनच्या बोटांकडे बघत गाठ शिकली होती. सगळं उलटं शिकली. आयरीन दर दोन वर्षांनी तिला चिडवायची: "ही गाठ नाही, अपघात आहे." आणि ओल्गा म्हणायची, "तुला माझी ओळखायला तरी येते."

"डेनीस," आयरीन म्हणाली, "मोटारीतून माझा चष्मा आण."

चष्मा येईपर्यंत ती कपाटासमोर उभी राहिली, काचेला नाक लावून. मग चष्मा घातला. पहिली पाकळी डावीकडे. दुसरी डावीकडे. सगळ्या आठ. मधली जरा चुरगळलेली, कारण ओल्गाला धीर नसायचा. फितीला बांधायच्या आधी इस्त्री केली होती, तिच्या घड्या अजून सरळ होत्या.

"मिसेस बेकविथ, हे कपाट उघडा."

"आयरीन, आपलं बोलणं झालंय..."

"ही एकोणीसशे सत्तरची नाही. ही या उन्हाळ्यातली आहे. माझ्या बहिणीनं बांधलीय, माझ्यासाठी. या ख्रिसमसची." तिचा आवाज चढला नव्हता, पण खोलीतली बडबड थांबली. "ती जुलैतच सगळी खरेदी करायची. झाकणाच्या आतून बघा. पेन्सिलीनं तीस सालं लिहिलेली असतील. एकाआड एक माझं नाव आणि तिचं. नसतील तर ठेवा तुम्ही आणि मलाही बसवा त्या कपाटात."

मिसेस बेकविथनी पाटीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. माणूस आयुष्यभर फळ्यावर लिहीत आला की आपली चूक पाटीवर छापलेली बघणं त्याला जड जातं.

"उघडा हो बाई," फ्लॉइड म्हणाला. "दुकान मेलं, मालक मेला, नियम कुणासाठी पाळताय?"

मिसेस बेकविथनी गळ्यातली किल्ली काढली.

आयरीननं पेटी टेबलावर घेतली. गाठीचं एक टोक ओढलं की ती सुटते, तिचं कसबच ते आहे, पण तिनं ओढलं नाही. एकेक पाकळी सावकाश सोडवली. ओल्गाचा पीळ तिच्या बोटांना उलटा पडत होता. मग झाकण उचलून पालथं ठेवलं. आत पेन्सिलीची रांग होती, वरची अक्षरं पुसट, खालची ठसठशीत. '१९९५ आयरीन, १९९६ ओल्गा' अशी. शेवटून दुसरी ओळ तिची स्वतःची. तिच्याखाली, डावीकडे कललेल्या अक्षरात: '२०२४ ओल्गा.'

पांढऱ्या कागदाखाली फ्लॅनेलचा झोपायचा झगा होता, निळ्या फुलांचा, दोन मापं मोठा. ओल्गा सगळं मोठंच आणायची. झग्यावर आयरीनचंच गेल्या वर्षीचं कार्ड होतं. तिनं ते उलटलं.

'शाल ऊबदार आहे. रंग या वेळी माणसांचा निवडलास.

आई मला ओळखेना. मला ते बघवलं नाही, म्हणून आले नाही. तुझं बोलणं खरं होतं, पण तू ते हलुश्कीच्या रांगेत बोललीस. म्हणून तुला एक वर्ष शिक्षा. बोलायचं नाही, यायचं नाही. फोनपाशी रोज सकाळी मीच बसून असते, तुला काय माहीत.

आता शिक्षा संपली. ख्रिसमसला येते. हलुश्की मी आणते, तू करू नकोस, तुझ्या हातची चिकट होते.'

आयरीननं कार्ड दोनदा वाचलं. डेनीसला दिलं नाही. तिची मुद्रा तशीच होती, सप्टेंबरपासून होती तशीच, आणि भोवतीच्या लोकांना वाटलं, ही खरंच दगड आहे.

"पेन्सिल आहे का कुणाकडे?" तिनं विचारलं.

मिसेस बेकविथनी दिली. आयरीननं झाकण जवळ ओढलं. सवयीचं काम. पेटी आली की लगेच पुढची ओळ टाकायची, नाहीतर विसरायला होतं. '२०२४ ओल्गा'च्या खाली तिनं सरळ, घोटीव अक्षरात लिहिलं: '२०२५ आयरीन.' पुढच्या वर्षी पाळी तिची. काय द्यायचं तेही तिनं मनात योजलं. आणि उत्तरात काय लिहायचं तेही. लिहायचं, की मीपण फोनपाशीच बसून होते गं, म्हशी. लिहायचं, की झगा तंबूएवढा आहे.

आणि पेन्सिल हातात धरून ती थांबली. पेटी तिच्यापुढे होती, तिच्याकडे आली होती, नियमाप्रमाणे आता ती परत जायची होती. तिनं पेटी न्यायच्या रस्त्याचा विचार केला. टेकडी उतरून, पूल ओलांडून, डावीकडे तिसरं घर, मागचं दार. ते घर विकायला काढलं होतं. मागच्या दाराला दलालाचं कुलूप होतं.

सकाळी भाजलेली जीभ अचानक चुरचुरायला लागली. तिनं तोंडावर हात ठेवला.

"टेटा?" डेनीस खाली वाकली. "टेटा, काय झालं? काय लिहिलंय आईनं?"

आयरीननं तिच्या दंडाला घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही भान नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी गावभर झालेली बातमी ती भाचीला सांगायला लागली, हलक्या आवाजात, हिला अजून कुणी सांगितलेलं नसावं अशी.

"डेनीस," ती म्हणाली, "ओल्गा गेली गं."

"हो टेटा," डेनीस म्हणाली, आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.